पाण्याचा मीटर आणि शेजार

विजेचा मीटर दाराशी, डोळ्यांच्या उंचीवर असतो. येता-जाता त्याचा लाल दिवा दिसतो. पाण्याच्या मीटरचं नशीब तसं नाही. तो उंबऱ्याजवळच्या खड्ड्यात, फरशीखाली, ओलीत आणि झुरळांत पडलेला असतो. झाकण उचलून त्यात डोकावणारा माणूस एकच, रीडिंग घ्यायला येणारा. त्यामुळे शहरातले जुने मीटर काढून नवे बसवायचं ठरतं तेव्हा मोहल्ल्यात पहिला प्रश्न निघतो तो एवढाच, "बिल कितना बढ़ेगा?" हा प्रश्न चुकीचा नाही. ज्याचं पोट रोजच्या कमाईवर आहे त्यानं तो आधी विचारलाच पाहिजे. पण त्यानंतर विचारायला हवा असा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. हा मीटर कुणाचं मोजतो, आणि कुणाचं मोजत नाही?

आम्ही नागपूरचे. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. केल्यापासून रियाज़ी, म्हणजे गणित, आणि विज्ञान हेच आमच्या वाट्याचे विषय. २०११ च्या जनगणनेत नागपूरची वस्ती चोवीस लाख भरली. या वस्तीला पाणी येतं ते मुख्यतः पेंच आणि कन्हान या नद्यांचं. २००५ साली केंद्र सरकारनं जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केलं. त्याच्या पैशातून आधी धरमपेठ भागात चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. पुढे मार्च २०१२ पासून सगळ्या शहराचा पाणीपुरवठा पंचवीस वर्षांच्या करारानं ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे चालवायला गेला. फ्रान्सची व्हिओलिया आणि इथली विश्वराज यांची ही भागीदारी. ठरलं होतं असं, की जुन्या गंजलेल्या लोखंडी जोडण्या काढून प्लास्टिकच्या निळ्या नळ्या टाकायच्या, गळती शोधायची, जुने मीटर बदलायचे आणि पाच वर्षांत साऱ्या शहराला चोवीस तास पाणी द्यायचं. पाणी खासगी हातात जातं म्हणून कामगार संघटनांनी आणि नागरिकांनी विरोधही केला. २०१७ साल उलटलं तरी संपूर्ण शहराला चोवीस तास पाणी मिळालेलं नव्हतं. मीटर मात्र घरोघर बदलत गेले.

मीटर बदलावा का लागतो, हे आमच्या मुलांना आम्ही एक जुना, मोडीत निघालेला मीटर उघडून दाखवतो. आत एक छोटं चाक असतं, पात्यांचं. पाणी त्याला ढकलतं, चाक फिरतं, त्याचे फेरे दातेरी चक्रांतून वरच्या आकड्यांपर्यंत पोचतात. काळे आकडे युनिटचे, एक युनिट म्हणजे एक हजार लिटर. लाल आकडे आणि बारीक काटे त्याखालच्या लिटरांचे. बिल होतं ते काळ्या आकड्यांवर. वर्षानुवर्षं गाळ आणि क्षार बसून, दाते झिजून चाक जड होतं. जोराची धार त्याला अजून फिरवते, बारीक धार बाजूनं निघून जाते. म्हणून म्हातारा मीटर बहुधा कमी मोजतो, आणि शेवटी थांबतो. उलट जिथं पाणी दिवसातून एकदाच येतं तिथं रिकाम्या नळीतली हवा आधी सुटते, आणि ती हवाही चाक फिरवते. 'आयएस ७७९' या भारतीय मानकाप्रमाणे नव्या घरगुती मीटरची चूक शेकडा दोनपेक्षा जास्त असू नये, अगदी संथ धारेला शेकडा पाच. परीक्षेत एवढ्या फरकानं आम्हीही पेपर परत तपासत नाही.

ज्याचा मीटर थांबला त्याला सरासरीनं बिल येतं. आमच्या वाड्याचा मीटर आमच्या लहानपणापासून थांबलेला होता. वाड्यात सहा बिऱ्हाडं, माणसं तीस, नळजोडणी एक. महिन्याला पन्नास युनिट धरून बिल येई. त्याचे सहा भाग होत, आणि ज्याच्या घरी पाहुणे जास्त त्याला थोडी बोलणी बसत. एवढ्यावर भागे. वाड्याच्या मागच्या भिंतीला एक तोटी होती. सकाळी नळ आले की मागच्या गल्लीतल्या पाच घरच्या बाया तिथं गुंड लावत. त्यांच्या घरांना जोडणी नव्हती. त्या जागेचा वाद कोर्टात होता, आणि पावती कुणाच्याच नावची नव्हती. त्या किती पाणी नेतात हे कुणी मोजलं नाही, कारण मोजायला काही नव्हतंच. मीटर मेलेला असल्यामुळे आमची दानत जिवंत होती, असंही कुणी म्हणेल. ते पाणी कुठल्या हिशेबात जात होतं, हे आम्हांला फार पुढे कळलं. शुद्ध करून सोडलेलं, पण ज्याचं बिल झालं नाही असं पाणी शहराच्या हिशेबात एका रकान्यात टाकतात. फुटलेल्या नळीची गळती त्यात, चोरी त्यात, बंद मीटरची तूट त्यात, आणि त्या बायांचे गुंडही त्यातच.

आमचा मीटर बदलला २०१५ साली. खोदणारी माणसं आली, दिवसभरात निळी नळी टाकून, नवा मीटर बसवून, जुन्याचा आकडा कागदावर लिहून सही घेऊन गेली. बसवणारा पोरगा चांगला होता. त्यानं आम्हांला काचेखालचं एक बारीक चांदणीसारखं चाक दाखवलं आणि सांगितलं, घरातल्या सगळ्या तोट्या बंद असताना ही चांदणी फिरली तर समजा पाणी कुठंतरी जातंय. त्याचं हे बोलणं आम्ही ध्यानात ठेवलं. नव्या जोडणीनं पाणीही पूर्वीपेक्षा जास्त वेळ येऊ लागलं, रात्रीसुद्धा. सहा बिऱ्हाडांनी मिळून पेढे वाटले.

पुढच्या महिन्याचं बिल आलं एक्क्याण्णव युनिटचं.

त्या संध्याकाळी अंगणात बैठक बसली. ऑटोरिक्षा चालवणारे चाचा सर्वांत आधी बोलले. दिवसभर रिक्षा चालवून हातात काय उरतं ते त्यांनाच ठाऊक. ते म्हणाले, "आपण काय बारा महिन्यांची सबील लावली आहे का?" मोहरममध्ये आमच्या मोहल्ल्यात चौकाचौकात सबील लागते, येणाऱ्या-जाणाऱ्याला, तो कोण हे न विचारता, पाणी-सरबत देतात. चाचा स्वतः दरवर्षी वर्गणी देत. पण सबीलीचा खर्च दहा दिवसांचा, त्याचा आकडा आधी ठरलेला. ही तोटी रोजची. वरच्या मजल्यावरच्या मामूंनी बोट मागच्या भिंतीकडे दाखवलं. आमच्या दादीअम्मी नव्वदीला टेकलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पानी को ना नहीं बोलते." त्यांचं म्हणणं सगळ्यांनी आदरानं ऐकलं, आणि चार विरुद्ध दोन मतांनी मागच्या तोटीला कुलूप बसलं. आम्ही दोघांतले. आमचं म्हणणं होतं, आधी मोजू, मग ठरवू. पण बिल हातात असताना कुणाला मोजणं सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आल्या. कुलूप पाहून काही न बोलता परत गेल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांतली वयानं मोठी, जिला सारा मोहल्ला खाला म्हणतो, ती त्यानंतर आमच्या दारावरून जाताना पलीकडच्या बाजूनं जाऊ लागली. तिची नात आमच्या सहावीच्या जमातीत होती. त्या आठवड्यात ती तीनदा उशिरा आली. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता, तिथल्या रांगेत तिला उभं केलं जात होतं. हजेरीपत्रकात उशिराचं कारण लिहायला जागा नसते.

आम्ही रोज सकाळी सहा वाजता मीटरचा आकडा वहीत लिहू लागलो. कुलपाआधी महिन्याला एक्क्याण्णव युनिट म्हणजे दिवसाला साधारण तीन हजार लिटर पडत होते. कुलपाच्या अकरा दिवसांत दिवसाची सरासरी आली दोन हजार सातशे लिटर. म्हणजे पाच घरांचे सगळे गुंड मिळून होते दिवसाला तीनशे लिटर, महिन्याला नऊ युनिट. सहा बिऱ्हाडांत वाटलं तर एकाच्या वाट्याला महिन्याकाठी चहाच्या दोन कपांएवढे पैसे. मग बिल वाढलं कशानं?

बाराव्या रात्री अकरा वाजता आम्ही सगळ्यांना तोट्या बंद करायला लावल्या आणि चाचांना सोबत घेऊन टॉर्चच्या उजेडात मीटरचं झाकण उचललं. चांदणी फिरत होती. पहाटे पाच वाजता पाहिलं तर सहा तासांत नऊशे लिटर गेले होते. पाणी कुठं गेलं ते शोधायला छतावर जावं लागलं. टाकीचा बॉलकॉक निकामी झाला होता. पूर्वी दोन तास पाणी यायचं, टाकी भरायच्या आत नळ जायचे, म्हणून त्या बॉलकॉकची परीक्षा कधी झालीच नव्हती. आता पाणी रात्रभर येत होतं, टाकी भरून वाहत होती, आणि जादा पाणी मागच्या नालीत पडत होतं. महिन्याचे सत्तावीस युनिट. ज्या बायांचा आम्ही नळ बंद केला, त्यांच्याच दारावरून आमचं वाहून गेलेलं पाणी नालीतून जात होतं.

चाचांनीच सकाळी बॉलकॉक आणला, बसवलाही त्यांनीच. मग कुणी न सांगता कुलूप काढून खिशात टाकलं. मनानं ते वाईट नव्हते, हे सांगितलं पाहिजे. त्यांच्या हातात बिल होतं आणि समोर परक्या बाया होत्या. दोन्हींची सांगड त्यांनी घातली, इतकंच. मीटर नसता तर हा संशय निघालाच नसता, हे खरं. पण मीटर नसता तर तो फिटलाही नसता. ज्या आकड्यानं त्या बायांवर आळ आणला, त्याच आकड्यानं तो उतरवला. आकड्याला मन नसतं. तो वाचायला मन लागतं, आणि थोडी सवड.

त्याच वहीतून आणखी एक हिशेब निघाला. एक्क्याण्णवातून सत्तावीस आणि नऊ वजा केले तर आमचे स्वतःचे उरतात पंचावन्न युनिट. तीस माणसांत माणशी दिवसाला साठ लिटरच्या आसपास. आपल्याकडे गटारं असलेल्या शहरांसाठी माणशी १३५ लिटरचा निकष धरतात. म्हणजे उधळपट्टीचा आरोप आमच्यावर होता तेव्हाही आम्ही निकषाच्या निम्म्यापर्यंत पोचलो नव्हतो. आणि मागच्या पाच घरांतली पंचवीस माणसं आमच्या तोटीवरून नेत होती माणशी बारा लिटर, पिण्या-रांधण्यापुरतं.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग शहरानं सोवेटोच्या फिरी वस्तीत आधी पैसे भरायचे मीटर बसवले होते. महिन्याला घरामागे सहा हजार लिटर मोफत, त्यानंतर पैसे संपले की पाणी बंद. मोठ्या कुटुंबाच्या हिशेबानं ते माणशी दिवसाला पंचवीस लिटर होत होतं. वस्तीतले लोक कोर्टात गेले. २००८ साली खालच्या कोर्टानं पन्नास लिटर द्या म्हटलं, अपिलात ते बेचाळीस झालं, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं शहराचं धोरण योग्य ठरवलं. गरिबांच्या बाजूनं लढणाऱ्यांना ती हार वाटली. पण वर्गात हा खटला सांगताना आम्ही फळ्यावर दोन आकडे लिहितो, पंचवीस आणि बारा. ज्या पंचवीस लिटरसाठी तिकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं, त्याच्या निम्मंही आमच्या भिंतीपलीकडे जात नव्हतं, आणि त्यावरही कुलूप बसलं होतं.

मीटर गरिबाचा शत्रूच असतो असं मात्र नाही. दिल्लीत १ जानेवारी २०१४ पासून घरामागे महिन्याला वीस हजार लिटर पाणी मोफत जाहीर झालं. अट अशी, की घराला चालू मीटर हवा. जे लोक मीटरपासून पळत होते ते मीटर लावून घेऊ लागले. यंत्र तेच होतं, फक्त त्याच्या मागचा नियम बदलला होता.

कुलूप निघाल्यावर आम्ही खालाकडे गेलो. वाटलं होतं, माफी मागावी लागेल. तिनं चहा ठेवला आणि म्हणाली, "बेटा, ताला तुम लोगों का था, तुमने लगाया, तुमने खोला. कल फिर लगा सकते हो. तुम लोग मीटर से डरते हो ना, हमारे घर एक लगवा दो." आमच्या दानतीचं आम्हांला जे काही वाटत होतं ते तिथं संपलं. मागून मिळालेलं पाणी आणि मोजून मिळालेलं पाणी यांतला फरक तिला आमच्याआधी कळला होता. मोजून मिळालेल्या पाण्याचं बिल येतं, पण त्या पाण्यासाठी रोज सकाळी कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. आणि बिलावर नाव असतं. कागदासाठी दारोदार फिरलेल्या माणसालाच त्या नावाची किंमत कळते.

तिच्या अर्जासाठी आम्ही जे वाचलं त्यात मुंबई उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा निकाल होता. पाणी हक्क समितीनं मुंबई महापालिकेविरुद्ध लढलेला तो खटला. बेकायदा झोपडीत राहतो म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. सोबत हेही स्पष्ट केलं की पाणी दिल्यानं झोपडी कायदेशीर होत नाही. म्हणजे जागेचा वाद जागेपाशी आणि तहान तहानेपाशी. आमच्या खालाला हे उर्दूत समजावलं तेव्हा तिला त्यात नवल वाटलं नाही. ती म्हणाली, हे सांगायला कोर्ट कशाला लागलं?

अर्ज, विजेचं बिल, आधार कार्ड, शपथपत्र, पुन्हा अर्ज. २०१८ साली त्या पाच घरांत मिळून एक जोडणी आली, खालाच्या नावावर. पहिलं बिल तिनं आमच्याकडून दोनदा वाचून घेतलं. रक्कम एकदा, नाव दोनदा.

हे सारं आता आमच्या सहावीच्या धड्यात आलं आहे. लिटर, मिलिलिटर शिकवायचे असतात तेव्हा मुलांना आम्ही आठ दिवस घरचा मीटर वाचायला सांगतो. ज्यांच्या घरी मीटर नाही ती मुलं हंडे-गुंड मोजतात. एका मुलानं एकदा विचारलं, मौलवी साहेब सांगतात की रसूलुल्लाह एक मुद पाण्यात वुजू करत, मुद म्हणजे किती? निरनिराळे आलिम निरनिराळं माप सांगतात, पण ते फार तर लिटरभराच्या आसपास. मग मुलांनी तोटीखाली बादली ठेवून आपला वुजू मोजला. बादलीत जमलेलं पाणी पाहून वर्ग गप्प झाला. पाणी मोजणं ही कंपनीनं आणलेली गोष्ट आहे असं त्या वर्गाला यापुढे कुणी सांगू शकणार नाही.

त्या वहीत पूर्वी एकच रकाना होता, किती पाणी घेतलं. दुसरा रकाना खालाच्या नातीनं सुचवला. ती आमच्या वर्गातून पुढे गेली, पण रकाना राहिला आहे. त्यात मुलं लिहितात, नळ किती वाजता आले, किती वाजता गेले, धार जोराची की बारीक. घरचा मीटर घेणाऱ्याचं माप ठेवतो. देणाऱ्यानं किती वेळ दिलं, किती दाबानं दिलं, कुठल्या गल्लीला दिलं आणि कुठल्या गल्लीला नाही, हे त्या काचेखाली उमटत नाही. टाकीतून निघणाऱ्या मोठ्या नळीलाही मीटर लावता येतो, प्रत्येक विभागाला किती पाणी सोडलं हे त्यावर कळतं. तो आकडा मोहल्ल्याच्या चौकात फळ्यावर लिहिला जावा, आमच्या बिलाशेजारी ताडून पाहता यावा, एवढंच मागणं आहे. नवे मीटर जरूर बसवा, आम्ही झाकण उचलून आकडा दाखवायला तयार आहोत. पण शिक्षक म्हणून आम्हांला एक सवय आहे. एकाच बाजूनं तपासलेल्या हिशेबाला आम्ही पुरे गुण देत नाही.